म्हाताऱ्या आयपॉडच्या पोटातली गाणी

ॲपलने २३ ऑक्टोबर २००१ ला पहिला आयपॉड दाखवला, तेव्हा सगळी मिजास एका आकड्याची होती: खिशात मावणारी हजार गाणी. आत ५ जीबीची, १.८ इंची हार्ड डिस्क फिरत असे. पुढे आयपॉड क्लासिक १६० जीबीपर्यंत पोचला. २०१४ मध्ये क्लासिक बंद झाला आणि मे २०२२ मध्ये शेवटचा उरलेला आयपॉड टचही. विक्री थांबली, पण खणात पडून असलेले आयपॉड तिथेच आहेत. अमेरिकेतल्या भाच्याने कधीकाळी आणून दिलेला, पाठीवर ओरखडे पडलेला, चार्जिंगला लावून बराच वेळ वाट पाहिली की जागा होणारा.

आता हवं ते गाणं मोबाइलवर मिळतं, मग ही उठाठेव कशाला? कारण आयपॉडमधली सगळीच गाणी बाजारातली नसतात. कॅसेटवरून उतरवलेली घरगुती मैफल, गावच्या भजनी मंडळाचं ध्वनिमुद्रण, कुणी रेडिओवरून टिपून ठेवलेलं नाट्यपद, असलं काही कुठल्या ॲपवर सापडायचं नाही. काही आयपॉडना माइक जोडून आवाजही टिपता येत असे. तसं आजीचं बोलणं वगैरे असेल तर सगळ्यात आधी तेच शोधावं. आणि ‘इंटरनेटवर टाकून ठेवलंय’ म्हणून निर्धास्त राहण्यातही अर्थ नाही. २००३ ते २०१५ या काळात लोकांनी चढवलेली गाणी सर्व्हर बदलताना गेली, हे मायस्पेस या संकेतस्थळाने २०१९ मध्ये मान्य केलं. पाच कोटींहून अधिक गाणी त्यात बुडाल्याचा अंदाज होता.

गाणी घालवण्याचा सर्वांत सोपा मार्ग म्हणजे आयपॉड नव्या संगणकाला जोडणं आणि समोर येईल त्या प्रश्नाला ‘हो’ म्हणणं. हा आयपॉड दुसऱ्या लायब्ररीचा आहे, तो पुसून इथल्या लायब्ररीशी सिंक करू का, असं ॲपलचं आयट्यून्स हे सॉफ्टवेअर विचारतं. किती अदबीने विचारतं! होकार दिला की जुनी गाणी साफ. म्हणून आयपॉड जोडताना विंडोजवर शिफ्ट आणि कंट्रोल, मॅकवर कमांड आणि ऑप्शन ही बटणं दाबून धरावीत; आपोआप होणारं सिंक थांबतं. दुसरा सापळा विंडोजचा. आयपॉड पूर्वी मॅकवर तयार केलेला असेल, तर विंडोजला त्याची डिस्क वाचता येत नाही आणि ती फॉरमॅट करायची का, असं ते विचारतं. तिथेही ‘नाही’च म्हणावं आणि कुणाचा तरी मॅक गाठावा.

बाकी काम वाटतं तितकं अवघड नाही. चाकाचे आयपॉड संगणकाला पेनड्राइव्हसारखे दिसू शकतात. दिसत नसेल तर मेन्यू आणि मधलं बटण एकत्र दाबून तो रीस्टार्ट करायचा आणि ॲपलचं चिन्ह उमटताच मधलं बटण आणि प्ले दाबून धरायचं. तो ‘डिस्क मोड’मध्ये जातो. पहिल्या तीन पिढ्यांची बटणं वेगळी. आयपॉड टचला ही सोयच नाही.

तरी उघडलेल्या डिस्कवर एकही गाणं दिसत नाही. ती असतात ‘आयपॉड कंट्रोल’ नावाच्या लपवलेल्या फोल्डरमध्ये. विंडोजमध्ये लपवलेल्या फाइल्स दाखवायचा पर्याय निवडला की तो दिसतो. आतल्या ‘म्युझिक’ फोल्डरमध्ये एफ००, एफ०१ असे कप्पे आणि त्यांत चार-चार अक्षरांच्या निरर्थक नावांच्या फाइल्स. कंपनीला गाणी आयपॉडमध्ये जायला हवी होती, बाहेर यायला नको होती. पहिल्या आयपॉडच्या वेष्टनावर संगीत चोरू नका, असा उपदेशसुद्धा छापलेला होता. पण ही लपवाछपवी वरवरची आहे. गाण्याचं, गायकाचं, अल्बमचं नाव बहुधा फाइलच्या आतल्या टॅगमध्ये असतंच. फाइल्स संगणकावर आणून एखाद्या म्युझिक प्लेअरमध्ये टाकल्या की नावं परत येतात. टॅग कोरे असले तर ‘म्युझिकब्रेन्झ पिकार्ड’ हे मोफत सॉफ्टवेअर गाण्याच्या ध्वनिठशावरून ओळख पटवायचा प्रयत्न करतं. घरगुती मैफलीपुढे मात्र तेही हात टेकणार. तिथे घरातल्या जाणत्या माणसाला बसवून ऐकवणं हाच उपाय.

फक्त गाणीच न उचलता ‘आयपॉड कंट्रोल’ हा सगळा फोल्डर जसाच्या तसा उतरवावा. प्लेलिस्ट, आवडीचे तारे, कोणतं गाणं किती वेळा वाजलं याची नोंद गाण्यांच्या फाइलमध्ये नसते. ती वेगळ्या डेटाबेसमध्ये असते. एएसी प्रकारच्या फाइल्सची एमपी३ करून घेण्याच्या भानगडीतही पडू नये, कारण त्यात आवाजाचा दर्जा आणखी उतरतो.

२००९ च्या आधी आयट्यून्स स्टोअरवरून विकत घेतलेल्या बऱ्याच गाण्यांना कुलूप आहे. त्यांच्या फाइल्स एम४पी प्रकारच्या असतात आणि ज्या खात्यातून खरेदी केली, त्याची परवानगी मिळालेल्या संगणकावरच वाजतात. भारतात हे दुकान डिसेंबर २०१२ मध्ये उघडलं, तोवर गाण्यांची कुलपं निघाली होती. त्यामुळे ही अडचण मुख्यतः परदेशात राहिलेल्यांची.

आयपॉडच्या आतून टकटक आवाज येत असेल तर डिस्क शेवटच्या घटका मोजते आहे. मग सगळी गाणी चाळत बसू नये, अनमोल फाइल्स आधी काढाव्यात. ‘डीडीरेस्क्यू’सारखं साधन आधी डिस्कचा धड भाग वाचून घेतं आणि खराब भागाकडे नंतर वळतं. फ्रीझरमध्ये ठेवायचा सल्ला हमखास मिळतो. तो ऐकू नये, आत दव धरतं. पाठ फुगलेली किंवा पडदा उचललेला दिसला तर बॅटरी फुगली आहे. असा आयपॉड चार्जिंगला लावायचाच नाही, जाणकाराकडून बॅटरी काढून घ्यायची.

उतरवलेली प्रत दोन ठिकाणी ठेवून, मधलीअधली गाणी वाजवून पाहिली की आयपॉड प्रयोगांना मोकळा. हौशी मंडळी बऱ्याच मॉडेलांतली हार्ड डिस्क काढून तिथे अडॅप्टर लावून मेमरी कार्ड बसवतात. वर ‘रॉकबॉक्स’ घालतात. हे मोफत सॉफ्टवेअर मुळात आर्कोस कंपनीच्या प्लेअरसाठी हौशी प्रोग्रामरनी २००१ च्या सुमारास लिहायला घेतलं होतं. ते चढवलेल्या आयपॉडमध्ये गाणी साध्या फोल्डरमध्ये, आपापल्या नावांनी राहतात. टाकायला किंवा काढायला आयट्यून्स लागत नाही.