लहान शाळेचा निकाल : टक्केवारीच्या पलीकडे

माध्यमिक शालान्त परीक्षेचा निकाल लागला की गावोगावी शाळांच्या टक्केवारीची चर्चा होते. जळगाव जिल्ह्यातील जामनेरसारख्या ग्रामीण तालुक्यात, लहान शाळेच्या बाबतीत ही टक्केवारी जपून वाचावयास हवी. परीक्षार्थी वीसच असतील, तर एका विद्यार्थ्याच्या अपयशाने निकाल पाच टक्क्यांनी उतरतो.

याहून महत्त्वाची बाब निराळी आहे. निकाल निघतो तो परीक्षेस बसलेल्यांचा. समजा, आठवीच्या पटावर ४० मुले होती. त्यांपैकी २८ दहावीच्या परीक्षेस बसली आणि २६ उत्तीर्ण झाली. शाळेचा निकाल सुमारे ९३ टक्के लागला. मात्र मूळ ४० मुलांच्या हिशेबाने तो ६५ टक्केच भरतो. उरलेल्या १२ मुलांची नोंद शाळेच्या निकालपत्रात सापडत नाही.

१ एप्रिल २०१० पासून अमलात आलेल्या शिक्षण हक्क कायद्याची हमी सहा ते चौदा वर्षे वयाच्या मुलांना, आठवीपर्यंतच आहे. पुढील दोन वर्षेच कसोटीची असतात. तावडी वा तांड्यावरील गोरमाटी बोलणाऱ्या मुलांना पुस्तकी मराठी परकी वाटते. दिवाळीच्या सुमारास कापसाची वेचणी सुरू झाली की मजूर कुटुंबांतील मुलांची हजेरी घटण्याचा धोका असतो. मुलींच्या वाटेत शाळेचे अंतर आडवे येते.

म्हणून पंचायत सदस्यांनी मुख्याध्यापकांकडून आठवीचा पट, परीक्षार्थी आणि उत्तीर्ण हे तीन आकडे, मुलामुलींचे स्वतंत्र, मागावेत. किती मुले दाखला घेऊन अन्य शाळेत गेली, हेही तपासावे. त्यानंतर जी उरतील, त्यांच्या घरी जाणे हेच खरे काम होय.