डावं, उजवं आणि मधला भात

दसऱ्याच्या दुपारी जेवायला आलेल्या आठ जणांवर मी गुपचूप एक प्रयोग केला. श्रीखंड एकाच पातेल्यातलं, पण चौघांना पांढऱ्या चिनी मातीच्या वाटीत दिलं आणि चौघांना काळ्या. जेवण आटोपल्यावर सहज विचारल्यासारखं विचारलं, गोड कसं झालंय? पांढऱ्या वाटीवाल्यांतले तिघं म्हणाले, साखर जरा पुढे गेलीय. काळ्या वाटीवाल्यांना ते बेताचं वाटलं. एका काकांनी शेजारच्या वाटीतलंही चमचाभर चाखलं आणि निकाल दिला, "दोन्हीकडे वेलदोडा कमी आहे." आठ माणसांवरून शास्त्र सिद्ध होत नाही, हे मला कळतं. वेलदोडा कमी होता, हे मात्र खरं.

ही कल्पना उसनी होती. ऑक्सफर्डचे चार्ल्स स्पेन्स आणि त्यांच्या स्पेनमधल्या सहकाऱ्यांनी 2012 साली एक निबंध प्रसिद्ध केला. त्यांनी लोकांना एकच स्ट्रॉबेरी मूस पांढऱ्या आणि काळ्या बशीत दिलं होतं. पांढऱ्या बशीतलं मूस सुमारे 10 टक्के अधिक गोड आणि 15 टक्के अधिक चवदार ठरलं. बशी गोल, चौकोनी की त्रिकोणी, याने काही बिघडलं नाही. रंगाने बिघडलं.

कारणाचा एक धागा जुना आहे. पॅरिसच्या गोबेलँ कारखान्यात रंगकामाचे प्रमुख असलेल्या शेव्हरल यांच्याकडे तक्रार आली, की काळा धागा पुरेसा काळा दिसत नाही. त्यांनी तपासलं तर रंगात खोट नव्हती. शेजारी विणलेल्या रंगामुळे काळा फिका वाटत होता. 1839 साली त्यांनी यावर जाडजूड ग्रंथ लिहिला. डोळा रंग सुटा पाहत नाही, शेजाऱ्यासकट पाहतो. पांढऱ्यावर गुलाबी अधिक गुलाबी दिसतं, आणि पिकल्या फळाशी गोडीची सांगड घालायला मेंदू लहानपणापासून शिकलेला असतो. जीभ पोचायच्या आत अर्धा निकाल लागून गेलेला असतो.

हे वाचताना मला आपलं पान आठवलं. पुण्यातल्या एखाद्या कार्यालयात मुंजीची पंगत बसते तेव्हा नीट पाहा. शेंडा डावीकडे ठेवून केळीचं पान मांडतात, भोवती रांगोळीची महिरप असते. वर मधोमध मीठ. त्याच्या डाव्या अंगाला लिंबाची फोड, चटणी, कोशिंबीर, लोणचं, पापड-कुरडई. उजवीकडे बटाट्याची भाजी, अळूचं फदफदं, आमटी. मधली जागा रिकामी ठेवून वाढपी पुढे सरकतात, आणि मग वाटीने पाडलेली भाताची मूद त्या हिरव्या मैदानात येऊन बसते. तिच्या डोक्यावर पिवळं वरण आणि वरणावर तूप. पंगतीतलं हे सगळ्यात साधं अन्न, आणि सगळ्यात उठून तेच दिसतं.

डावीकडचे पदार्थ चवीपुरते, चिमूटभर, आणि रंगाने भडक. उजवीकडचे पोटभरीचे, ओले, पुन्हा पुन्हा मागायचे. उजव्या हाताने जेवणाऱ्याला ते जवळ पडतात. 'डावं-उजवं करणं' हा शब्दप्रयोग आपण भेदभावासाठी वापरतो, पण पानावर ते नुसतं जमिनीचं वाटप आहे. वाढपीही त्याच हिशोबाने चालतो. चटणीवाल्याला प्रत्येक पानावर कुठे वाकायचं हे ठाऊक असतं, म्हणून दीडशे पानं तो भराभर उरकतो. हॉटेलात एक शेफ चिमट्याने कोथिंबिरीचं पान ठेवतो. पंगतीत ताटाची मांडणी आठदहा जण मिळून, चालता चालता करतात.

लगेच कुणी 'पूर्वजांना सगळं ठाऊक होतं' असा संदेश पुढे ढकलेल, म्हणून सांगतो. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानात, 46व्या अध्यायात, जेवण कसं मांडावं ते आलं आहे. तूप लोखंडी भांड्यात, पेज चांदीच्या. फळं आणि कोरडे खाद्यपदार्थ उजवीकडे, पातळ पदार्थ डावीकडे. म्हणजे आमटीच्या बाबतीत आपल्या बरोबर उलट! आपली पद्धत शेकडो आज्यांनी वापरून रुळवलेली आहे, आणि तेवढं मला पुरेसं वाटतं. तिच्यात त्रुटीही आहे. हिरव्या पानावर हिरवी चटणी दिसतच नाही. शेजारच्या लिंबावरून अंदाज घ्यावा लागतो.

रोजच्या जेवणाला अर्थात पान नसायचं, पितळी ताटं असायची. कसबा पेठेतल्या तांबट आळीत आजही तांब्या-पितळेवर हातोडी पडताना ऐकू येते. पितळेत आंबट पदार्थ ठेवला की तो कळकतो, म्हणून कल्हई. भांडं तापवायचं, नवसागर टाकायचा, धूर उठला की कथिल फिरवून बोळ्याने पुसून घ्यायचं. पिवळं ताट आतून चांदीसारखं निघायचं. यातून सुटका केली स्टीलने. बोहारणीला जरीच्या साड्या देऊन आयांनी स्टीलचे डबे आणि ताटं घेतली, आणि घराघरांतलं जेवण एका रंगावर आलं.

स्टीलला नावं ठेवणं सोपं आहे. पण करड्या, चकचकीत पृष्ठावर लाल तर्री जशी उठते तशी दुसऱ्या कशावर उठत नाही. मिसळ स्टीलच्या ताटलीतच हवी, शेजारी सॅम्पलचं भांडं. अलीकडे तिच्यासोबत पापड, दही, ताक, जिलबी अशी थाळीच येते. काळ्या पाटीवर मांडलेली मिसळही मी एकदा खाल्ली. फोटो उत्तम आला. रस्सा मात्र पाटीवरून वाहत टेबलावर गेला आणि पाव तिथूनच टिपावा लागला.

या विषयात भोंदूपणाही भरपूर आहे. लहान बशीत वाढलं की माणूस कमी खातो, हा सल्ला जगभर पसरवण्यात कॉर्नेल विद्यापीठाच्या ब्रायन वॉनसिंक यांचा मोठा हात होता. 2018 साली विद्यापीठाने त्यांना संशोधनातल्या गैरवर्तनाबद्दल दोषी धरलं, त्यांनी राजीनामा दिला आणि त्यांचे डझनाहून अधिक निबंध मागे घेतले गेले. मोठ्या वर्तुळात तीच चकती लहान दिसते, हा दृष्टिभ्रम मात्र डेल्बफ यांनी 1865 सालीच दाखवला होता आणि तो खरा आहे. आग्रह करकरून वाढणाऱ्या घरात बशीच्या मापाने भूक आवरेल, यावर माझा तरी विश्वास नाही.

एका अभ्यासाने मात्र मला कामाला लावलं. बॉस्टनच्या संशोधकांनी 2004 साली अल्झायमर बळावलेल्या नऊ पुरुषांना पांढऱ्याऐवजी भडक लाल ताटं-पेले दिले. त्यांचं खाणं सरासरी 25 टक्क्यांनी आणि पिणं 84 टक्क्यांनी वाढलं. गडद निळ्यानेही तसाच फरक पडला, फिक्या रंगांनी पडला नाही. नऊच माणसं होती, हे खरं. पण वयाबरोबर आणि या आजारात नजरेला रंगांतला फरक कमी जाणवतो, आणि पांढऱ्यावरचं पांढरं अन्न कडा हरवून बसतं.

आमच्याकडे अठ्ठ्याऐंशी वर्षांची आत्या आहे. रात्री तिला दहीभात लागतो. ट्यूबलाइटखाली स्टीलच्या ताटलीत तो निम्मा उरायचा आणि आम्ही म्हणायचो, भूक मंदावली. तुळशीबागेतून गडद हिरवी मेलामाइनची ताटली आणली. मूद पाडून तिच्यात दहीभात घातला, बाजूला लिंबाचं लोणचं ठेवलं आणि पुढ्यात सरकवली. आत्या बराच वेळ ताटलीकडे बघत राहिली. मी मनातल्या मनात बॉस्टनचे आभार मानायच्या बेतात होतो.

"कुणी वाढलंय हे?" तिने विचारलं. लोणचं उजवीकडे गेलं होतं. तिने दोन्ही हातांनी ताटली धरली, सावकाश फिरवून लोणचं डावीकडे आणलं आणि मग पहिला घास घेतला.