कॉफी कपात किती आणि बसण्याचं भाडं किती?



कुणी मार्केटला माल घेऊन, कुणी प्रदर्शनात स्टॉल लावायला, कुणी मुलीच्या प्रवेशासाठी, अशा तुमच्यातल्या बऱ्याच जणी वाशीला येतात. स्टेशनच्या बाहेर पडलं की समोर मॉल आणि मॉलमध्ये काचेच्या दाराआड कॉफीची मोठी दुकानं. आत थंडगार हवा, गादीच्या खुर्च्या, लॅपटॉप उघडून बसलेली मुलंमुली. गटाच्या बैठकीत हा विषय निघाला की दोन तट पडतात. एक म्हणते, "तीनशे रुपयांची कॉफी? तेवढ्यात पाच लिटर दूध येतं की!" दुसरी म्हणते, "ताई, पण तिथं बाई एकटी बसली तरी कुणी वळून बघत नाही." आम्हाला दोघींचंही पटतं. म्हणून नावं ठेवण्याआधी आणि भुलण्याआधीही हा व्यवहार नीट समजून घेऊ.

कॉफी आपल्याला नवी नाही. जायफळ-वेलची घालून दुधातली कॉफी पाहुण्यांना आपणही करतो. १७ व्या शतकात बाबा बुदान नावाच्या सूफी संतांनी यात्रेहून येताना येमेनमधून सात बिया आणल्या आणि कर्नाटकात चिकमगळूरच्या डोंगरात लावल्या, असं परंपरेनं सांगतात. आजही देशातली बहुतेक कॉफी कर्नाटक, केरळ आणि तमिळनाडूत पिकते. महाराष्ट्रात अमरावती जिल्ह्यातल्या चिखलदऱ्याला कॉफीची झाडं आहेत.

दुकानांची साखळी मात्र अलीकडची. साखळी म्हणजे एकाच कंपनीची, एकाच नावाची, एकाच चवीची पुष्कळ दुकानं. चिकमगळूरच्या कॉफी मळ्यांचे मालक व्ही. जी. सिद्धार्थ यांनी १९९६ मध्ये बंगळुरूत पहिलं 'कॅफे कॉफी डे' काढलं. अमेरिकेतली 'स्टारबक्स' टाटांबरोबर निम्म्या-निम्म्या भागीदारीत आली आणि ऑक्टोबर २०१२ मध्ये मुंबईत हॉर्निमन सर्कलजवळ तिचं पहिलं दुकान उघडलं. वाशीसारख्या शहरात ही दुकानं रुजणारच होती. सिडकोची स्थापना १९७० ची, लोकल १९९२ मध्ये आली, मग कार्यालयं आली, मॉल आले. महिन्याचा पगार हातात असलेली तरुण मंडळी आली आणि त्यांच्या घरांत मात्र चार मित्रांना बसवायला जागा नव्हती.

आता कपाचा हिशेब मांडू, आपण पापडाचा मांडतो तसाच. एका कपाला भाजलेल्या बियांची पूड लागते फार तर २० ग्रॅम. भाजलेल्या बिया किलोला १,००० रुपये धरल्या, तर पुडीचे झाले २० रुपये. पाव लिटर दूध १५ रुपयांचं. साखर आणि कागदी कप मिळून आणखी ५ धरा. ४० रुपयांत कप तयार. बिल मात्र २५०-३०० चं. मधले दोनशेच्या वरचे पैसे जातात कुठं? मॉलच्या जागेचं भाडं, एसीची वीज, लाखो रुपयांचं यंत्र, मुलामुलींचे पगार, जाहिरात, नाव आणि नफा. थोडक्यात, गिऱ्हाईक कॉफी घेतं ४० रुपयांची आणि बाकीच्या पैशांत तासभर खुर्ची भाड्यानं घेतं.

हे एकदा कळलं की आमचा निम्मा राग जातो, आणि उरलेला निम्मा दुसरीकडं वळतो. गावात पुरुषांना बसायला पार आहे, चावडी आहे, चहाची टपरी आहे. पाच-दहा रुपयांचा चहा घ्यायचा आणि दोन तास राजकारण करायचं. बाईला कुठं जागा आहे? नळावर आणि दळणाच्या रांगेत, म्हणजे कामाच्याच ठिकाणी. नुसतं बसायला कुठंच नाही. शहरातही तेच. वाशीत दिवसभर फिरताना बाईला स्वच्छ बाथरूम शोधावी लागते, म्हणून कितीतरी जणी घरून निघाल्यापासून पाणीच पीत नाहीत. अशा वेळी काचेच्या दाराआडचं बाथरूम, आतून लागणारी कडी आणि एकटीला मिळणारं टेबल ही चैन वाटत नाही, सोय वाटते. कॉलेजातल्या मुली तिथं अभ्यास करतात. लग्न ठरवणाऱ्या मुलामुलींना मोठ्यांच्या गराड्याबाहेर दोन शब्द बोलता येतात. हे चांगलंच आहे. टोचतं एवढंच की, बाईला निवांत बसण्यासाठी तीनशे रुपये मोजावे लागतात. ज्यांच्याकडं ते नाहीत त्यांनी बसायचं कुठं?

दुसरं टोचणं मळ्यातलं. कॉफीची फळं पिकली की लाल होतात आणि ती हातानं तोडावी लागतात. साधारण नोव्हेंबरपासून तीन-चार महिने हे काम चालतं आणि तोडणीला बायका मोठ्या संख्येनं असतात. एक किलो भाजलेल्या बियांसाठी सहा-सात किलो फळं लागतात. म्हणजे एका कपामागं कुणा बाईनं तोडलेली ओंजळभर फळं असतात. मधल्या दोनशे रुपयांतलं तिच्यापर्यंत किती पोचत असेल, ते कांदा विकणाऱ्या बाईला समजावून सांगायला नको.

तिसरं टोचणं फुटपाथवरचं. मॉल आला की समोरच्या रस्त्यावरचे चहा-पोहेवाले अडचणीचे वाटू लागतात. त्यांच्यासाठी २०१४ चा पथविक्रेता कायदा आहे. प्रत्येक शहरात विक्रेत्यांची पाहणी करायची, प्रमाणपत्र द्यायचं आणि नगर पथविक्रेता समिती नेमायची, असं तो सांगतो. समितीत किमान ४० टक्के सदस्य विक्रेत्यांनी निवडलेले आणि त्यांत एक तृतीयांश महिला असाव्या लागतात. भांडवलासाठी २०२० पासून पीएम स्वनिधी योजना आहे. २०२५ च्या बदलानंतर तिच्यात पहिल्यांदा १५,००० रुपयांपर्यंत कर्ज मिळतं, ते वेळेवर फेडलं की २५,००० आणि नंतर ५०,००० पर्यंत. तुमच्या गावची कुणी शहरात गाडी लावत असेल, तर तिला हे जरूर सांगा.

अशा दुकानात आपली मुलगी नोकरीला लागली तर? लागू दे. पण तिला चार गोष्टी माहीत हव्यात. नेमणुकीचं पत्र आणि पगाराची पावती मागायची. आठवड्याची सुट्टी हक्काची असते. जादा तासांचा पगार दुप्पट दरानं मिळायला हवा. आणि जिथं दहा किंवा जास्त माणसं काम करतात, तिथं २०१३ च्या कायद्यानुसार लैंगिक छळाच्या तक्रारीसाठी अंतर्गत समिती असावीच लागते.

कधी आपणच आत गेलो तर दबून जायचं कारण नाही. यंत्रातून दाबानं काढलेला कडक, घोटभर अर्क म्हणजे एस्प्रेसो. त्यात गरम पाणी घातलं की अमेरिकानो, दूध आणि फेस घातला की कॅपुचिनो, दूध जास्त आणि फेस कमी केला की लाते. काही ठिकाणी 'टॉल' म्हणून मागितलं की मोठा नाही, लहानातला कप येतो, तेव्हा आधी कप दाखवा म्हणावं. मराठीतच विचारावं, साधं पाणीही मागावं. बिलावर ५ टक्के जीएसटी असतो, तो भरायचा. 'सर्व्हिस चार्ज' वेगळा लावला असेल तर तो सक्तीचा नाही. २०२२ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं तसं स्पष्ट केलं आणि २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानं ते उचलून धरलं. काढायला नकार दिला तर १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करता येते.

आता आपल्या कामाचं. साखळी कंपनीचीच असावी असा काही नियम नाही. १९५० च्या दशकात कॉफी बोर्डाची कॉफी हाऊसं बंद होऊ लागली, तेव्हा नोकरी गेलेल्या कामगारांनी ए. के. गोपालन यांच्या पुढाकारानं सहकारी संस्था काढल्या आणि 'इंडियन कॉफी हाऊस' स्वतः चालवायला घेतलं. केरळात कुटुंबश्रीच्या बायका कॅफे चालवतात. कर्नाटकात महिला गटांची 'अक्का कॅफे' सुरू झाली आहेत. तिथं नफा बायकांच्या घरी जातो.

आपल्याला एसी आणि लाखाचं यंत्र परवडणार नाही. पण या दुकानांकडून तीन गोष्टी फुकट शिकता येतात. प्रत्येक वेळी तीच चव, भिंतीवर लिहिलेला भाव, आणि स्वच्छ टेबल व स्वच्छ बाथरूम. चहा-नाश्त्याचा छोटा धंदा असेल, तर अन्न सुरक्षा कायद्याखाली साधी नोंदणी पुरते. पुढच्या बैठकीत हे दोन विषय घ्या. तालुक्याच्या एसटी स्टँडजवळ किंवा बाजाराच्या गावात गटाला कॅन्टीन चालवता येईल का? आणि ग्रामसभेत बायकांसाठी बाकडी आणि स्वच्छतागृह मागायचं का?

कॅन्टीन काढलंत तर एक टेबल असं ठेवा की, तिथं दहा रुपयांचा चहा घेऊन एकटी बाई तासभर बसली तरी तिला कुणी "आणखी काय हवं?" म्हणून उठवणार नाही.