नवा रॉड, नवा हात

नागपूरच्या हिंगणा एमआयडीसीतल्या फॅब्रिकेशन शेडमध्ये ग्रिल-गेट जोडणारा हात बहुधा 6013 रॉडवर बसलेला असतो. टेकवला की पेटतो, जरा लांब धरला तरी चालवून घेतो. बॉयलरच्या किंवा पुलाच्या कामासाठी 7018 हाती आला, की तोच सराईत हात चाचपडतो.

70 म्हणजे सांध्यात भरलेल्या धातूची ताकद, चौरस इंचाला किमान 70,000 पौंड. 1 म्हणजे उभं, आडवं, डोक्यावरचं, सगळं चालतं. शेवटचा 8 लेपाचा, आणि खरी मेख तिथेच: लोहभुकटी मिसळलेला, कमी हायड्रोजनचा लेप. त्यात दमटपणा शिरला की आर्कच्या उष्णतेत पाणी फुटतं, हायड्रोजन वितळलेल्या धातूत मुरतो आणि सांधा थंड झाल्यावर, कधी चक्क दुसऱ्या दिवशी, शेजारच्या कडक पोलादाला तडा जातो. म्हणून उघडलेले रॉड सुमारे 120 अंशांच्या ओव्हनमध्ये ठेवतात. नागपूरचं मे महिन्याचं ऊन कितीही भाजो, गच्चीवर रॉड वाळवून भागत नाही. ओल धरलेला रॉड पुन्हा भाजायला 260 अंशांच्या वरच जावं लागतं.

मशीन डीसी, होल्डर पॉझिटिव्हला. आर्क अगदी आखूड. लांबला की सांध्यात छिद्रं. 6010 रॉडसारखे मागे-पुढे झटके इथे नकोत. अर्धवट जळालेल्या रॉडच्या टोकावर काचेसारखी टोपी धरते. ती कानशीवर घासून फोडल्याशिवाय रॉड धड पेटत नाही.