ग्रामीण भागातील समलिंगी व उभयलिंगी युवक-युवती : आधाराच्या वाटा

प्रस्तावना :
जालना जिल्ह्यातील बदनापूरसारख्या तालुक्याच्या गावी प्रत्येकाची ओळख ‘अमक्याचा मुलगा’, ‘तमक्याची मुलगी’ अशीच असते. ही ओळख अडीअडचणीला आधार देते. परंतु ज्या युवक-युवतींना आपले आकर्षण समान लिंगाच्या अथवा दोन्ही लिंगांच्या व्यक्तींविषयी असल्याचे जाणवते, त्यांच्या मौनाचे तीच कारण ठरते. एकाजवळ बोललेली गोष्ट सायंकाळपर्यंत घरी पोहोचेल, ही त्यांची भीती निराधार नसते. अशा विद्यार्थ्यांना आधार कोठे व कसा मिळू शकतो, याचा विचार सदर लेखात केला आहे.

वैद्यकीय व कायदेशीर स्थिती :
जागतिक आरोग्य संघटनेने १९९० मध्ये समलैंगिकतेला आजारांच्या वर्गीकरणातून वगळले. सर्वोच्च न्यायालयाने ६ सप्टेंबर २०१८ रोजी प्रौढांमधील संमतीचे समलिंगी संबंध गुन्ह्याच्या कक्षेबाहेर काढले. समलिंगी विवाहास मात्र १७ ऑक्टोबर २०२३ च्या निकालाने मान्यता मिळाली नाही. लैंगिक कल ‘बदलण्याचे’ उपचार राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ मध्ये व्यावसायिक गैरवर्तन ठरविले. त्यामुळे ‘लग्न झाले की सुधारेल’ या समजुतीस शास्त्राचा आधार नाही. तीतून दोन आयुष्यांची हानी होते.

आधाराची साधने :
मुंबईत १९९४ मध्ये हमसफर ट्रस्ट व १९९५ मध्ये समलिंगी स्त्रियांचा ‘स्त्री संगम’ हा गट स्थापन झाला. पुण्यात बिंदुमाधव खिरे यांनी २००२ मध्ये समपथिक ट्रस्ट स्थापन केला. त्यांच्या ‘पार्टनर’ व ‘इंद्रधनू’ या पुस्तकांमुळे हा विषय मराठीतून वाचता आला. तथापि, ही शहरे दूर आहेत आणि घरी कारण न सांगता तेथे जाणे, विशेषतः मुलींना, दुरापास्त असते.

अशा वेळी गावातूनच वापरता येतील अशी दोन साधने महत्त्वाची ठरतात. पहिले, २०२२ मध्ये सुरू झालेली शासनाची टेलि-मानस सेवा. १४४१६ या क्रमांकावर मराठीतून, विनामूल्य व अहोरात्र समुपदेशन मिळते. मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७ नुसार उपचार देताना लैंगिक कलावरून भेदभाव करता येत नाही. दुसरे, विद्यापीठ अनुदान आयोगाची २०१६ ची रॅगिंगविरोधी दुरुस्ती. लैंगिक कलावरून विद्यार्थ्याचा छळ करणे वा त्याला वाळीत टाकणे हे त्यानुसार रॅगिंग ठरते व महाविद्यालयास कारवाई करावी लागते.

पहिली विश्वासू व्यक्ती :
कायदा व दूरध्वनी यांच्याइतकीच एका विश्वासू माणसाची गरज असते. आई-वडिलांनाच प्रथम सांगावे, असा नियम नाही. शिक्षण व निवारा घरावर अवलंबून असेल आणि हिंसेची किंवा सक्तीच्या विवाहाची शक्यता असेल, तर सांगणे लांबणीवर टाकणे हा भित्रेपणा नसून विवेक होय. समवयस्क मित्र, मोठी बहीण, मावशी किंवा प्राध्यापक यांपैकी जी व्यक्ती इतरांची गुपिते राखते, तिची निवड करावी.

ऐकणाऱ्याची जबाबदारीही तेवढीच मोठी आहे. खोदून विचारू नये, बदलण्याचा उपदेश करू नये आणि विद्यार्थ्याच्या संमतीवाचून पालकांना कळवू नये. जिवाला धोका जाणवल्यास मात्र त्याला एकटे न सोडता तातडीने वैद्यकीय मदत मिळवून द्यावी. तेव्हाही त्याच्या लैंगिक कलाची वाच्यता करण्याचे कारण नसते.

समारोप :
ग्रामीण महाविद्यालयात स्वतंत्र केंद्र उभारणे लगेच शक्य नसेल. परंतु सूचनाफलकावर १४४१६ हा क्रमांक लावणे, रॅगिंगविरोधी नियमांत लैंगिक कलाचा उल्लेख वाचून दाखवणे आणि वर्गातील कुचेष्टा तेथेच थांबवणे यांस निधी लागत नाही. एवढ्यानेही गप्प बसलेल्या विद्यार्थ्याला कोणाजवळ बोलावे, हे कळू शकते.