साप चावल्याचा निरोप

फाशीच्या शिक्षेवर उच्च न्यायालय शिक्कामोर्तब कसं करतं, ते या आठवड्यात यायचं होतं. ते आता पुढे गेलं आहे, कारण लातूरकडच्या एका वाचकाचा प्रश्न: घरातल्या घरात खून झाला, पाहणारं कुणी नाही आणि घरातले तोंड उघडत नाहीत, तर अपिलात न्यायाधीश वाचतात तरी काय?

उत्तर नांदेड जिल्ह्यातल्या एका खेड्यात सापडतं. नोव्हेंबर १९९६ मध्ये तिथं एका विवाहितेचा सासरी मृत्यू झाला. ट्रॅक्टरसाठी २५ हजार रुपये आण, असा तिच्यामागे तगादा होता, ही माहेरच्यांची तक्रार. त्यांच्याकडे निरोप गेला तो मात्र साप चावल्याचा.

शहरातल्या वाचकाला हा बनाव पहिल्या फटक्यात उघड वाटेल. गावाकडच्याला वाटणार नाही. मण्यार रात्रीची फिरते, जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते आणि दंशाची खूण कित्येकदा डोळ्यांना दिसतही नाही. नाग किंवा घोणस चावल्यावर येते तशी सूजही नसते. झोपेत चावली तर कधी कधी माणूस सकाळी उठतच नाही. त्यामुळे ‘खूण दिसत नाही, म्हणजे साप चावलेला नाही’ एवढ्यावर कुणाला खुनी ठरवता येत नाही.

या खटल्यात निर्णायक ठरली ती मान. शवविच्छेदनात मृत्यूचं कारण गळा दाबल्यानं गुदमरणं असं निघालं. साप असा गळा दाबत नाही.

तरीही सत्र न्यायालयात नवरा खुनाच्या आरोपातून सुटला. उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठानं तो निकाल फिरवून त्याला जन्मठेप दिली. सुटका फिरवून जन्मठेप झाली, की सर्वोच्च न्यायालयात अपिलाचा हक्क आपसूक मिळतो. परवानगी मागावी लागत नाही. ते अपील ११ ऑक्टोबर २००६ रोजी फेटाळलं गेलं. न्या. जी. पी. माथुर यांनी लिहिलेल्या त्या निकालाचा सारांश असा: चार भिंतींच्या आतल्या गुन्ह्यात बाहेरचा साक्षीदार मिळणं कठीण, म्हणून मृत्यू कसा झाला याचा पटण्याजोगा खुलासा घरात असलेल्यांनी द्यायला हवा. खुलासा दिलाच नाही किंवा खोटा निघाला, तर पुराव्याच्या साखळीत आणखी एक कडी जोडली जाते.

याचं मूळ १८७२ च्या पुरावा कायद्यातलं कलम १०६. नव्या साक्ष अधिनियमात ते १०९ झालं आहे. जी गोष्ट खास एखाद्यालाच ठाऊक, ती त्यानंच सिद्ध करायची. कायद्यातलं उदाहरण रेल्वेच्या प्रवाशाचं आहे: विनातिकीट प्रवासाचा आरोप असेल, तर तिकीट होतं हे त्यानं दाखवावं.

गंमत म्हणजे या कलमाला लगाम घातला तोही रेल्वेच्याच खटल्यानं. अजमेरच्या एका कारकुनानं खोटा प्रवासभत्ता उचलल्याचा आरोप होता. १९५६ मध्ये न्या. व्हिव्हियन बोस यांनी, म्हणजे नागपूर उच्च न्यायालयाच्या माजी मुख्य न्यायमूर्तींनी, बजावलं की या कलमाच्या आडून सरकार पक्षाला स्वतःचं ओझं आरोपीच्या डोक्यावर टाकता येणार नाही. कारकून सुटला.

म्हणून क्रम महत्त्वाचा. मृत्यू घातपाताचा होता आणि आरोपी त्या वेळी घरात होता, या दोन गोष्टी आधी सरकारनं शाबीत करायच्या. ‘रात्रीची लाइट होती, मोटर चालू करायला मळ्यात गेलो होतो’ असं नवरा म्हणाला, तर ते तपासता येतं. त्या रात्री त्या फीडरवर वीज होती का, ते महावितरणच्या नोंदींत असतं. शेजारच्या वावरात पाणी धरणारा कुणी असतो. तपास अधिकाऱ्यानं हे विचारलंच नसेल, तर अपिलात आरोपीचा वकील नेमकं तिथंच बोट ठेवतो.

वाचकाच्या प्रश्नातला अवघड भाग पुढेच आहे. नांदेडच्या खटल्यातलं अपील नवऱ्याचं होतं. एकत्र कुटुंबात सासू, सासरा, दीर, नवरा असे चौघं त्या रात्री घरात असले आणि चौघंही गप्प राहिले, तर? चौघांच्या मौनावरून चौघांनाही खुनी ठरवता येत नाही. कुणी काय केलं किंवा सगळ्यांचं आधीच संगनमत होतं, हे दाखवणारं काहीतरी वेगळं हाती लागावं लागतं. ते काय असू शकतं, हे पुढच्या आठवड्यात. फाशीचा भाग त्यानंतर.