टेंडरमधला मोटरमन

डोंबिवलीहून एक लोकल सुसाट निघते, तेव्हा तिच्या मागची सिग्नलला खोळंबलेली असते. वरच्या तारेत दोघींसाठी दाब सारखाच, २५,००० व्होल्ट. त्यातून किती वीज घ्यायची, हे ज्याच्या त्याच्या मोटरमनच्या हातात. १९२५ साली बोरीबंदर-कुर्ला मार्गावर पहिली विजेची गाडी धावली तेव्हा तारेत १,५०० व्होल्टचा डीसी प्रवाह होता. २०१५-१६मध्ये तो मध्य रेल्वेवरून हद्दपार झाला. प्रवाह बदलला, पद्धत तीच राहिली.

मॉडेल रेल्वेत मात्र कित्येक दशके उलटा कारभार होता. दाब रुळांतच कमी-जास्त करायचा. त्या रुळावरची सगळी इंजिने एकदम पळणार, एकदम थांबणार. जर्मनीच्या लेन्झ कंपनीने १९८०च्या दशकाअखेर यावर तोड काढली आणि अमेरिकेतल्या नॅशनल मॉडेल रेलरोड असोसिएशनने १९९४मध्ये ती प्रमाण मानली. हीच ‘डीसीसी’, म्हणजे डिजिटल कमांड कंट्रोल. रुळांत कायम पूर्ण दाब, साधारण १५ व्होल्ट. फक्त त्याची दिशा सतत उलटते. ५८ मायक्रोसेकंदांनी उलटली तर ‘एक’, शंभरेक मायक्रोसेकंदांनी उलटली तर ‘शून्य’. वीज आणि निरोप एकाच वाटेने येतात. निरोपात इंजिनाचा क्रमांक, हुकूम आणि पडताळणीचा आकडा असतो. आकडा जुळला नाही, तर इंजिनातला डिकोडर तो निरोप सरळ टाकून देतो.

डिझेल इंजिनात डिकोडर सहज मावतो. वाफेच्या इंजिनात खरी कसोटी. १८५३ साली पहिली आगगाडी ओढत ठाण्याला आलेल्या साहिब, सिंध, सुलतानसारख्या छोट्या इंजिनाचे १:८७ मापातले मॉडेल घेतले, तर बॉयलर बोटाएवढा, आणि चाकांची पकड सुटू नये म्हणून तोही धातूने ठासलेला. (या मापात दोन रुळांमधले अंतर १६.५ मिलिमीटर, आपल्या ब्रॉडगेजला हिशेबाने १९.३ हवा. शौकीन तिकडे काणाडोळा करतात.) मग डिकोडर जातो मागच्या कोळशाच्या टेंडरमध्ये आणि इंजिनापर्यंत केसासारख्या तारा. वळणावर त्या ताणल्या तर गाडी रुळावरून उतरते, म्हणून थोडी ढील ठेवायची.

तारांना डाग देण्याआधी मल्टिमीटर हवाच. जुन्या मॉडेलांत मोटरचा एक ब्रश थेट सांगाड्याला आणि सांगाडा एका रुळाला जोडलेला असतो. तसाच ठेवला, तर डिकोडर पहिल्या झटक्यात जळतो. ब्रश सुटा केला, जोड दाखवणारी मीटरची पिपाणी थांबली, की लाल-काळी तार चाकांकडून आणायची, नारिंगी-करडी मोटरला द्यायची.

चढावर इंजिन मंदावत नाही, यातली युक्ती मला सगळ्यात आवडते. डिकोडर मोटरला वीज तुकड्यातुकड्यांनी देतो. मधल्या क्षणी फिरती मोटर स्वतःच जनित्र होते. तिचा दाब मोजून वेग कळतो आणि पुढचा तुकडा लांबवला जातो.

नव्या डिकोडरचा क्रमांक ३ असतो. तो बदलताना बाकीची इंजिने रुळावरून उचलून ठेवावीत, नाहीतर सगळीच नवा क्रमांक घेऊन बसतात.